कमानीखालून वाहणारं रक्त

मिरजेला पोट दाखवायला तीन जिल्ह्यांतून माणसं येतात आणि येताना आपापलं निदान सोबत घेऊनच येतात. कुणाचा वात चढलेला असतो, कुणाची बेंबी सरकलेली असते, कुणाला नजर लागलेली असते. डॉक्टरांनी फक्त मान डोलवायची. केतकी वाजंत्रीच्या खोलीत मात्र ही सोय नव्हती. तिथं पोट स्वतःच बोलायचं आणि ते काय बोलतंय हे खोलीतल्या सगळ्यांना डोळ्यांनी दिसायचं.

केतकी शरीररचनाशास्त्र शिकवायची. फॉर्मॅलिनच्या वासात उभं राहून तिनं कितीतरी वर्षं मुलांना मेलेल्या माणसांची पोटं दाखवली. धमन्यांत लाल रंग भरलेला असायचा, पण तो जागच्या जागी थिजलेला. रक्त वाहतं हे मुलांनी मनानं समजून घ्यायचं. आणि मग रुग्णालयात 'ओघ' आलं.

ओघ म्हणजे एक टेबल आणि एक रुंद पट्टा. पट्टा पोटाला गुंडाळायचा. त्याच्या आतल्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढे शेकडो ध्वनिक्षेपक. साधी सोनोग्राफी एका बाजूनं टकटक करून आत काय आहे याचा अंदाज घेते. हे दाणे चहूबाजूंनी एकाच वेळी विचारायचे आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून रक्ताचा प्रत्येक ओहोळ कुठून निघाला, कुठं चालला, किती जोरात चालला, हे संगणक त्याच क्षणी मांडायचा. मग निजलेल्या माणसाच्या वर, हातभर उंचीवर, हवेत त्याचंच पोट पुन्हा उगवायचं. हाडं नाहीत, चरबी नाही, कातडी नाही. नुसतं वाहतं रक्त, खऱ्या मापाचं, उजेडाचं. रक्त ज्या मुळातून निघालं त्या मुळाचा रंग ते शेवटच्या बारीक फांदीपर्यंत अंगावर वागवायचं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा केतकीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ती तशी रडूबाई नव्हे. पण ज्याची चित्रं फळ्यावर काढता काढता हात दुखले, ते समोर धडधडत होतं आणि आपण काढलेल्या चित्रांपेक्षा शंभरपटींनी देखणं होतं. त्यावर दुसरं काय करणार?

वरच्या पोटातली मांडणीच तशी आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल, म्हणजे आपण श्वास घेताना खाली उतरणारा आणि सोडताना वर चढणारा स्नायूचा पडदा. हृदयाकडून येणारी महाधमनी या पडद्याच्या दोन पायांमधून पोटात उतरते. ते दोन पाय तिच्यासमोर एकमेकांना मिळतात तिथं एक चिवट कमान असते. कमानीच्या लगेच खाली महाधमनीतून एक जाड, आखूड खोड पुढं येतं. लांबी बोटाच्या पेराएवढीही भरणार नाही. पण त्याला तीन फांद्या फुटतात: एक जठराला, एक यकृताला आणि एक नागमोडी वळणं घेत प्लीहेला. जठराच्या आखूड काठावर रक्ताची एक माळ आणि लांब काठावर दुसरी, आणि प्रत्येक माळेला दोन्ही टोकांकडून रक्त. एक टोक मिटलं तरी दुसरं आहेच. रात्रंदिवस स्वतःच्याच आम्लात बसणाऱ्या अवयवाला एवढी सरबराई हवीच.

या खोडातून निघालेलं रक्त ओघ केशरी दाखवायचं. त्याच्या थोडं खाली आतड्यांची धमनी निघते. तिचं रक्त हिरवं. दोन्ही मुलुखांची सरहद्द स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी. तिथं वरून उतरलेल्या केशरी आणि खालून आलेल्या हिरव्या वाहिन्या केसांएवढ्या बारीक होऊन एकमेकींत गोफासारख्या गुंतायच्या.

"हे पाठ करा आणि मग विसरा," केतकी मुलांना सांगायची. कारण ओघवर निजणाऱ्या दर तिसऱ्या-चौथ्या माणसाचा नकाशा पुस्तकाशी कुठंतरी फटकून निघायचा. कुणाच्या यकृताला जठराच्या फांदीतून रक्त, कुणाच्या खोडाला तीनऐवजी दोनच फांद्या. आणि तरीही माणूस खात होता, पचवत होता, भांडत होता. देहाला पुस्तक वाचता येत नाही हे किती बरं, असं तिला दर वेळी वाटायचं.

तिच्या टेबलावर स्वतःचे वडील निजतील, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

शिवलिंग वाजंत्री म्हणजे आप्पा. बेलखिंडीच्या बाणेश्वराच्या नगारखान्यात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची, हे या घराण्याचं काम किती पिढ्यांचं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. घराण्याचे दोन नेम. पहिला, सुराची ओळ एका दमात वाजवायची. बाकीचे सनईवाले गाल फुगवून, नाकानं हळूच श्वास ओढत सूर लांबवतात. आप्पांच्या लेखी ती चोरी होती. दुसरा नेम त्याहून कडक. पोटात अन्न असताना सनईला ओठ लावायचे नाहीत. कुण्या पूर्वजानं नैवेद्याआधी जेवून सनई धरली आणि तो नगारखान्यातच पोट धरून कोसळला, अशी कथा होती. तेव्हापासून वाजंत्र्यांचे पुरुष उपाशीपोटी वाजवत आले.

लहानपणी केतकीला सनईचं वेड होतं आणि आप्पांनाही तिचं कौतुक होतं. एका दुपारी पिठलं-भाकरी चेपून तिनं गोठ्यामागं सनई वाजवली आणि पळत येऊन अभिमानानं सांगितलं, "आप्पा, मी जेवून वाजवलं! मला कायसुदीक झालं नाही!" शाबासकी मिळेल अशी तिची अपेक्षा होती. आप्पांनी तिच्या हातातून सनई काढून घेतली, धुतली आणि पुन्हा कधी तिच्या हातात दिली नाही. धाकट्या बसवराजला शिकवलं. केतकी शिकायला मिरजेला आली ती तिथंच राहिली. बापलेकीत भांडण असं झालं नाही. सणासुदीला जाणं-येणं होतं, बोलणं होतं. फक्त सनईचा विषय निघाला की दोघंही उठून कामाला लागायची.

आता आप्पांना कावीळ झाली होती. आधी गावातल्या वैदूनं नाकात रस सोडला, मग तालुक्याच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, आणि मग बसवराजनं अक्काला फोन केला. स्वादुपिंडाच्या डोक्यात एक गाठ होती. लहान होती, वेळेत सापडली होती. डॉ. नाझनीन मुजावर ती काढणार होत्या. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

"नशीबवान आहात आप्पा," त्या म्हणाल्या. "गाठ रक्तवाहिन्यांना चिकटलेली नाही. आणि तुमच्या सीटी स्कॅनचं चित्र तर इतकं स्वच्छ आलंय की आमचे रेडिओलॉजिस्ट खूश आहेत. 'श्वास भरून धरा' म्हटल्यावर तुम्ही म्हणे धरलात तो सोडायलाच तयार नव्हतात!"

आप्पांच्या पिवळ्या चेहऱ्यावर हसू उमटलं. "धरा म्हणले, धरला. सोडा म्हणायला त्येच इसारले."

ओघ अजून चाचणीवर होतं. मुजावर मॅडम आपल्या प्रत्येक रुग्णाचं चित्रण त्यावर करून घेत, पण निर्णय सीटीवरच होत असत. शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी आप्पा टेबलावर निजले. चित्र हलू नये म्हणून इथंही श्वास भरून धरायचा दंडक होता. आप्पांनी छाती भरून घेतली आणि धरली. हवेत केशरी झाड उमटलं: खोड, तीन फांद्या, यकृताचा डेरा, प्लीहेची नागमोड, जठराच्या दोन्ही काठांवरच्या माळा. पुस्तकात जसं असतं तसं. बाकीच्यांचा श्वास अर्ध्यातच सुटायचा आणि चित्र थरथरायचं. आप्पांचं चित्र देव्हाऱ्यातल्या समईसारखं स्थिर होतं.

"झकास," मुजावर मॅडम म्हणाल्या. "उद्या भेटू." आणि त्या राऊंडला गेल्या.

खोलीत केतकी, आप्पा आणि बसवराज तिघंच राहिले. आप्पा टेबलावरून उठेनात.

"आता बघू तरी दे की मला. बाणेश्वरानं आत काय घालून ठेवलंय त्ये."

केतकीनं टेबलाचं डोकं उंच केलं, म्हणजे त्यांना स्वतःच्याच पोटाकडं बघता येईल. आप्पा बघत राहिले. मग घाबरले की काय कोण जाणे, पण त्यांचा हात सवयीनं बंडीच्या खिशात गेला. सनईच्या तोंडाशी बसवतात ती गवताची पत्ती तिथं कायम असायची. ती त्यांनी जिभेवर ओली केली, ओठांत धरली आणि फुंकली. नुसत्या पत्तीला सूर कुठला? पिपाणीसारखा चिरका आवाज निघाला. पण सवय घराण्याची होती. आप्पांनी तो आवाज एका दमात ओढायला घेतला.

"आप्पा, रुग्णालय आहे हे..." केतकी म्हणाली आणि तिथंच थांबली.

हवेतलं केशरी झाड विझत होतं.

खोडापासून सुरुवात झाली. कुणीतरी चिमटीत पकडावी तशी केशरी धार बारीक होत गेली, मग दोऱ्याएवढी झाली, मग नाहीच. केतकीला वाटलं, यंत्र बिघडलं. आणि त्याच क्षणी खालून हिरवं उसळलं. स्वादुपिंडाभोवतीचा तो गोफ, जो इतर माणसांत शोधावा लागतो, तो आप्पांच्या पोटात फुगून पेन्सिलीएवढा जाड झाला. त्यातून हिरवं रक्त वर चढलं. यकृताकडून खाली उतरणारी जी धमनी, तिच्यातून ते उलट्या दिशेनं वर गेलं, आणि दुफाट्यावर पोचून दोन्हीकडं वळलं. यकृत हिरवं झालं. प्लीहेची नागमोडी वाट हिरवी झाली. जठराच्या दोन्ही काठांवरच्या माळा मण्यामण्यानं हिरव्या होत गेल्या. एक अवयव असा नव्हता की जो क्षणभरही काळोखात राहिला.

आप्पांचा दम संपला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि वरचं दार उघडलं. केशरी रक्त धावत खाली आलं, हिरवं मागं हटलं, झाड पुन्हा पहिल्यासारखं झालं. तेही आप्पांना आवडलं असावं, कारण त्यांनी परत फुंकायला घेतलं.

बसवराज भिंतीला टेकला. "अक्का, ह्ये काय हाय?"

केतकीनं झाडावरचे डोळे काढले नाहीत. भीती नंतर आली. आधी आलं ते नुसतं नवल. या माणसाच्या देहात जन्मापासून एक कमान थोडी खाली बसली होती. श्वास सोडला की श्वासपटल वर चढतं, आणि ही कमान खोडाला महाधमनीशी चेपून टाकायची. साध्या माणसाला ते थोडं थोडं जाणवलं असतं. हा माणूस तर पोरवयापासून रोज दम संपेपर्यंत श्वास सोडत बसलेला. दर ओळीला यकृताचं, जठराचं रक्त तोडलेलं. आणि देहानं कुरकुर न करता, कुणाला न विचारता, खालून दुसरा रस्ता खणला होता. केसाएवढ्या वाटा रुंद करत करत त्याचा हमरस्ता केला होता. कोणत्याही इंजिनिअरनं नकाशा काढला नव्हता. ज्याच्या पोटात हे घडलं त्यालाही पत्ता नव्हता.

"आप्पा," तिनं कसंबसं विचारलं, "जेवून वाजवलं तर काय होतं?"

"पोटात कळ येती. लई. म्या एकदाच केलंतं ज्वानीत. आमच्या आज्ज्यानंबी केलंतं म्हण." आप्पांनी पत्ती खिशात ठेवली. "म्हणून तर नेम हाय."

जेवण झालं की जठराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं. खालचा रस्ता उपाशी पोटाला पुरायचा, भरल्या पोटाला पुरत नव्हता. केतकीनं बसवराजला टेबलावर निजवलं आणि श्वास पूर्ण सोडायला लावला. त्याच्याही खोडाची धार बारीक झाली आणि काठाकाठानं हिरवं चढलं. घराण्याचा नेम पोटातून आला होता, बापाकडून मुलाकडं.

आणि मग भीती आली. तिनं मुजावर मॅडमना राऊंडवरून बोलावून घेतलं.

मॅडमनी आप्पांना पुन्हा फुंकायला लावलं आणि झाड हिरवं होताना पाहिलं. त्या खुर्चीत बसल्या.

"या अल्लाह," त्या म्हणाल्या. "उद्या मी यांना मारलं असतं."

गोष्ट अशी होती. स्वादुपिंडाचं डोकं काढायचं तर यकृताकडून खाली उतरणारी ती धमनी बांधून तोडावीच लागते. सगळ्यांत तोडतात, काही बिघडत नाही, कारण यकृताला वरून रक्त असतं. आप्पांत तोच हिरवा रस्ता होता. तो तुटला असता, आणि टाके घालून जागे झालेल्या आप्पांनी श्वास सोडायला सुरुवात केली असती, तर दर श्वासाला यकृत उपाशी पडलं असतं. सीटी स्कॅननं हे दाखवलं नव्हतं, कारण सीटीत श्वास भरून धरतात. भरल्या श्वासात कमान ढिली असते आणि खालचा गोफ मिटलेला. दुसरा कुणी असता तर श्वास मध्येच सुटला असता, चित्र डागाळलं असतं, कुणाला शंका आली असती. आप्पांनी तो सनईवाल्याच्या इभ्रतीनं धरला होता आणि रेडिओलॉजिस्टनी वाहवा केली होती.

"चूक कुणाचीच नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि माणूस गेला असता."

"मग आता ओ?" बसवराजनं विचारलं.

मुजावर मॅडमनी आप्पांकडं वळून सरळ सांगितलं. "आप्पा, आधी ती कमान तोडावी लागेल. खोड मोकळं झालं, वरून रक्त नीट आलं, तरच मी खालचा रस्ता बांधणार आणि गाठ काढणार. नाही आलं तर पोट शिवून बाहेर येणार. आणि एक सांगते. कमान म्हणजे श्वासपटलाच्या पायांचाच भाग. साध्या माणसाला ती तोडल्यानं फरक पडत नाही. पण तुमच्यासारख्या दमाच्या माणसावर हे केलेलं मी वाचलेलं नाही. तुमचा दम पहिल्यासारखा राहील की नाही, मला माहीत नाही. विचार करून सांगा."

त्या गेल्यावर आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "म्हंजे नेम देवाचा न्हवता. शिरेचा हुता."

"नेम बरोबर होता आप्पा," केतकी म्हणाली. "त्यानं तुम्हाला कळांपासून वाचवलं. आज्जांनाही. फक्त..." आप्पांनी धुऊन ठेवून दिलेली ती सनई तिला आठवली. तिला राग आला होता, आणि रागवायचं कुणावर ते कळत नव्हतं.

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "फकस्त काय?"

"काही नाही."

"तू नीज तिथं."

"आप्पा, आता कशाला..."

"नीज म्हणतोय न्हवं?"

केतकी निजली. बसवराजनं पट्टा गुंडाळला. बटणं कुठली दाबायची ते तिनं निजल्या निजल्या सांगितलं. हवेत तिचं पोट उमटलं. स्वतःचं झाड ती आजवर पाहायला धजली नव्हती. सकाळी ती भरपेट न्याहारी करून आली होती, त्यामुळं जठराच्या माळा टरारून फुगल्या होत्या.

"सोड दम," आप्पा म्हणाले. "सगळा."

तिनं सोडला. छाती रिकामी झाली, पोट आत ओढलं गेलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तरी ती सोडत राहिली. केशरी जसंच्या तसं राहिलं. खोडाची धार एका केसानंही बारीक झाली नाही. भरल्या पोटाचं जठर, रिकाम्या छातीखाली, निवांत केशरी उजळत होतं.

आप्पा उठून टेबलापाशी आले. हात पुढं करून त्यांनी त्या प्रकाशात बोटं घातली. उजेड त्यांच्या पिवळ्या बोटांवर सांडला.

"खरं सांगितलंतंस तू," ते म्हणाले. "कायसुदीक झालं न्हवतं तुला."

केतकीनं कानांकडं वाहणारं पाणी पुसलं नाही.

"बशा, त्या बाईस्नी बोलवून आण," आप्पा बसवराजला म्हणाले. "कमान तोडा म्हणावं. दम ऱ्हायला तर वाजवून शिकवीन हिला, न्हाई ऱ्हायला तर तोंडानं शिकवीन. पण जितं ऱ्हायला पायजे."

दुसऱ्या सकाळी शस्त्रक्रियागृहात ओघचा पट्टा आप्पांच्या पाठीखालून आणि कुशींवरून बांधला होता, पुढचा भाग उघडा ठेवून. उजेडाचं झाड टेबलाच्या वर टांगल्यासारखं होतं आणि त्याच्या पलीकडं मुजावर मॅडम उभ्या होत्या. यंत्रावर केतकी. बापाच्या शस्त्रक्रियेला लेकीनं आत येऊ नये असं सगळ्यांचं मत पडलं होतं, पण ओघचे रंग तिच्याइतके कुणाला वाचता येत नव्हते. मॅडमनी एकदाच विचारलं, "हात थरथरेल?" केतकी म्हणाली, "माझ्या हातात काही नाही मॅडम. डोळे थरथरत नाहीत."

पोट उघडलं. मॅडमनी जठर अलगद खाली ओढलं, यकृताचा डावा खंड उचलला आणि त्या खाली, खोल, महाधमनीच्या धडधडीपर्यंत पोचल्या. कमान दिसली: पांढरी, चिवट, वाखाच्या दोरीसारखी. तिचे धागे त्या एक एक करून तोडत गेल्या. शेवटचा धागा तुटला तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं.

झाड केशरी होतं. पण ते आधीही होतं. श्वासयंत्र हवा आत ढकलत होतं.

"चाचणीचा चिमटा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खालून वर येणारा तो रस्ता बांधण्याआधी नुसता मिटून धरला. हिरवं जागच्या जागी थांबलं. यकृत केशरी राहिलं. नाडी, रक्तदाब, सगळं ठीक. मदतनीस डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला.

"केतकी, बांधू?"

नियमानुसार एवढं पुरे होतं. केतकीच्या मात्र मनात सीटीचं ते स्वच्छ, देखणं, खोटं चित्र आलं. भरल्या श्वासातलं.

"नको मॅडम. हा यंत्राचा श्वास आहे. आप्पांचा नव्हे." ती भूलतज्ज्ञ डॉ. पाटण्यांकडं वळली. "सर, आधी भरपूर ऑक्सिजन द्या. मग हवा पूर्ण बाहेर काढा आणि यंत्र तिथंच थांबवा. चिमटा तसाच राहू दे. रिकाम्या छातीवर केशरी टिकलं तरच बांधायचं."

"किती वेळ थांबवू?" पाटण्यांनी विचारलं.

"त्यांच्या एका दमाइतका."

"म्हणजे किती?"

"मी सांगते."

श्वासयंत्राचा आवाज बंद पडला. खोलीत एवढी शांतता झाली की ओघच्या पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. आप्पांची छाती खाली गेली आणि खालीच राहिली. खोडाची धार बारीक झाली. सगळ्यांनी पाहिलं. थोडीशी, एखाद्या केसानं, आणि तिथं थांबली.

आणि केतकी गुणगुणायला लागली.

कुणी शिकवलेलं नव्हतं. पहाटेची ती ओळ बेलखिंडीच्या घरात भिंतींनासुद्धा पाठ होती. खालच्या सुरावर ती बराच वेळ बसते, मग पायरी पायरीनं चढते, वरच्या सुराला नुसतं शिवते आणि घाई न करता, वळणं घेत परत घरी येते. आप्पांच्या एका दमाची ओळ. मास्कच्या आत केतकीचा आवाज बारीक होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होता. मुजावर मॅडमचा चिमट्यावरचा हात हलला नाही. पाटणे ऑक्सिजनच्या आकड्याकडं बघत होते.

ओळ मध्यावर आली. केशरी होतं. ओळ वर चढली. यकृताचा डेरा केशरी, प्लीहेची वाट केशरी. ज्या धमन्यांनी जन्मभर प्रत्येक सुराला खालचं रक्त उसनं घेतलं होतं, त्या आज पहिल्यांदा रिकाम्या छातीखाली आपल्या मुळाचं रक्त पीत होत्या. जठराच्या काठावरच्या दोन माळा मणी न मणी उजळलेल्या. केतकीला वाटलं, देवळात बसून जे दिसेल असं आप्पांना आयुष्यभर वाटत आलं, ते हेच असणार, आणि ते त्यांच्या पाठीच्या कण्यापुढं चार बोटांवर होतं.

तिचा दम संपत आला. छाती जळायला लागली. नाकानं श्वास चोरून घेता आला असता, कुणाला कळलं नसतं. तिनं घेतला नाही. शेवटचा सूर तिनं तळाशी नेऊन ठेवला, पूर्ण, आणि वर पाहिलं.

झाड केशरी होतं.

"केतकी?" मॅडमनी विचारलं.

बोलायला तिच्यापाशी दम उरला नव्हता. तिनं होकारार्थी मान हलवली. पाटण्यांनी यंत्र सुरू केलं, आप्पांची छाती वर आली, आणि मुजावर मॅडमनी गाठ मारली.